शरीरात बसणाऱ्या धातूची कसोटी

जुलै १९८६ मध्ये मांडवीवरील नेहरू पूल कोसळला आणि पणजी व पर्वरी यांना जोडणारा रस्ता एकाएकी तुटला. पुढची काही वर्षे लोकांना पुन्हा फेरीबोटींवर विसंबावे लागले. हा पूल फार जुना नव्हता. त्याला दोन दशकेही झाली नव्हती. खाऱ्या हवेत पोलादाला आतल्या आत लागलेला गंज हे या दुर्घटनेमागचे एक मोठे कारण मानले जाते. पूल उभारताना साहित्य पुरेसे मजबूत होते. परंतु मजबुती हा पदार्थाचा एकच गुण झाला. अखंड चालणारी वाहतूक, खारट परिसर आणि वरून न दिसणारी झीज यांना तो पदार्थ किती वर्षे तोंड देईल, हा प्रश्न त्याहून कठीण असतो.

हाच प्रश्न दर दिवशी इस्पितळांच्या शस्त्रक्रियागृहांतही उभा राहतो. मोडलेल्या मांडीत बसवलेली पट्टी, झिजलेल्या गुडघ्याच्या जागी आलेला कृत्रिम सांधा, हृदयाच्या रक्तवाहिनीतील स्टेंट, जबड्यात रोवलेले दाताचे मूळ या सर्व वस्तू खाऱ्या पाण्यातच जगतात. शरीरातील द्रवांत मिठाचे प्रमाण सुमारे ०.९ टक्के असते आणि तापमान सदैव ३७ अंश सेल्सिअस. तेथे दुरुस्तीसाठी रोज कोणी उतरू शकत नाही. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे गोमेकॉत, किंवा खासगी इस्पितळात सांधा बदलून घेणाऱ्या पेडण्याच्या वा डिचोलीच्या ज्येष्ठ नागरिकाला डॉक्टर जेव्हा ‘स्टील, कोबाल्ट-क्रोम की टायटॅनियम’ अशा शब्दांत माहिती देतात, तेव्हा त्या शब्दांमागे पदार्थांचे यांत्रिक गुणधर्म उभे असतात. ते गुणधर्म समजले, तर ‘सर्वांत महाग तेच सर्वांत चांगले’ ही समजूत किती फसवी आहे, हेही समजते.

प्रतिबल आणि विकृती

अभियांत्रिकीत पदार्थाची पहिली ओळख दोन राशींनी होते. पदार्थाच्या एकक क्षेत्रफळावर जेवढे बल पडते त्याला प्रतिबल म्हणतात आणि त्या प्रतिबलामुळे मूळ लांबीच्या प्रमाणात जो बदल होतो त्याला विकृती म्हणतात. टोकदार टाचेची चप्पल ओल्या वाळूत रुतते, पण सपाट तळव्याची रुतत नाही. माणसाचे वजन तेच असते. ते किती जागेवर वाटले जाते, एवढाच फरक. प्रतिबल मेगापास्कल या एककात मोजतात.

एक साधे उदाहरण पाहू. ६० किलो वजनाचा माणूस म्हणजे सुमारे ६०० न्यूटन बल. हे सगळे बल एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तारेवर टांगले, तर तारेतील प्रतिबल ६०० मेगापास्कल होईल. शस्त्रक्रियेत वापरले जाणारे स्टेनलेस स्टील तापवून मऊ केलेल्या अवस्थेत असेल, तर ते इतके प्रतिबल सहसा सोसणार नाही. तेच स्टील थंड अवस्थेत खेचून घट्ट केले, तर टिकेल. टायटॅनियमच्या नेहमीच्या वैद्यकीय संमिश्राची मजबुती सुमारे ९०० मेगापास्कल असल्याने तेही टिकेल. मांडीच्या हाडाचे बाहेरचे कठीण कवच ताणाखाली सुमारे १३० मेगापास्कलपर्यंत तग धरते. दाबाखाली त्याची क्षमता याहून अधिक असते.

आता टिकलेल्या दोन तारांची तुलना करू. प्रत्येकी एक मीटर लांबीच्या या तारांपैकी पोलादाची तार सुमारे ३ मिलिमीटर लांबेल, टायटॅनियमची सुमारे साडेपाच मिलिमीटर. माणूस खाली उतरला की दोन्ही तारा मूळ लांबीवर परत येतील. दोघींनी वजन पेललेच. पण एक कमी वाकणारी आणि दुसरी अधिक वाकणारी ठरली. या ताठरपणाला मोजण्यासाठी जी संख्या वापरतात तिला यंगचा स्थितिस्थापकता गुणांक म्हणतात. पोलादासाठी तो सुमारे २०० गिगापास्कल, कोबाल्ट-क्रोम संमिश्रासाठी २१० ते २४०, टायटॅनियम संमिश्रासाठी सुमारे ११० असतो. हाडाच्या कठीण कवचासाठी मात्र तो केवळ १० ते २० गिगापास्कलच्या घरात असतो. मजबुती आणि ताठरपणा हे दोन वेगळे गुण आहेत आणि शरीराच्या संदर्भात या भेदाला फार मोल आहे.

परत येणारे आणि न परतणारे वाकणे

बांबूची कामटी हळूच वाकवली आणि सोडली, तर ती सरळ होते. तांब्याची तार वाकवली, तर तशीच राहते. पहिल्या वागणुकीला स्थितिस्थापक, तर दुसऱ्या वागणुकीला सुघट्य असे म्हणतात. प्रत्येक धातूला एक मर्यादा असते. तिच्या आत तो परत येतो, ती ओलांडली की कायमचा वाकतो.

वैद्यकशास्त्राने या दोन्ही वागणुकींचा उपयोग करून घेतला आहे. हृदयाच्या रोहिणीत बसवायचा स्टेंट फुग्यावर घट्ट मिटवून नेला जातो. अरुंद झालेल्या जागी फुगा फुगवला की धातूची जाळी पसरते. फुगा काढून घेतल्यावर ती पुन्हा मिटता कामा नये. म्हणजे येथे धातूने आपली मर्यादा ओलांडून कायमचे वाकणेच अभिप्रेत आहे. त्यासाठी तन्यता असलेला, तरीही मजबूत धातू लागतो. पूर्वी हे काम स्टेनलेस स्टील करीत असे. आता कोबाल्ट-क्रोम संमिश्र प्रचलित आहे. ते अधिक मजबूत असल्यामुळे जाळीच्या काड्या मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही बारीक ठेवता येतात आणि रक्तप्रवाहात अडथळा कमी होतो.

पायाच्या रक्तवाहिनीची गोष्ट निराळी. माणूस चालताना, उकिडवा बसताना ती पिळली आणि दाबली जाते. तेथे कायमचा वाकणारा धातू चेपला गेला तर चेपलेलाच राहील. म्हणून अशा जागी निकेल आणि टायटॅनियम यांचे ‘नितिनॉल’ हे संमिश्र वापरतात. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत विकसित झालेले हे संमिश्र नेहमीच्या धातूंच्या कितीतरी पट अधिक विकृती सोसून पुन्हा पहिल्या आकारात येते. एकाच शरीरातील दोन रक्तवाहिन्यांना दोन विरुद्ध स्वभावांचे धातू लागतात ते असे.

कठीण म्हणजे चिवट नव्हे

डिचोलीच्या कुंभारांची भट्टीत भाजलेली घागर कठीण असते. नखाने तिच्यावर ओरखडा उठत नाही. पण हातातून निसटली तर तिचे तुकडे होतात. देवघरातील पितळी समई पडली तर तिला पोचा येतो, ती फुटत नाही. घागर कठीण पण ठिसूळ, समई तुलनेने मऊ पण चिवट. ओरखडा व झीज यांना विरोध करण्याच्या गुणाला कठीणपणा म्हणतात. तडा जाण्यापूर्वी ऊर्जा पचवण्याच्या गुणाला चिवटपणा. हे दोन गुण एकाच पदार्थात पूर्णपणे क्वचितच मिळतात.

घागरीचेच दूरचे नातेवाईक असलेले सिरॅमिक पदार्थ आज कृत्रिम खुब्यात वापरले जातात. फ्रान्समधील शल्यविशारद पिएर बुतँ यांनी १९७० मध्ये अ‍ॅल्युमिनाचा खुबा प्रथम वापरला. अ‍ॅल्युमिनाचा गोळा अतिशय गुळगुळीत करता येतो, तो गंजत नाही आणि त्याची झीज नगण्य असते. पण जोराचा आघात झाल्यास तो धातूसारखा पोचा घेऊन निभावून नेऊ शकत नाही, तडकतो. म्हणून पुढील काळात अ‍ॅल्युमिना आणि झिर्कोनिया यांच्या मिश्रणातून अधिक चिवट सिरॅमिक घडवण्यात आले. तडा पुढे सरकू लागला की त्याला अडवणारे बारीक कण त्यात मिसळलेले असतात.

ताठरपणाचा अतिरेक

हाड ही निर्जीव खुंटी नाही. तिच्यावर भार पडतो तेथे ते घट्ट होते, भार नाहीसा होतो तेथे ते विरळ होते. जर्मन शल्यविशारद ज्युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये हा नियम मांडला. दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची हाडे ठिसूळ होतात आणि माडावर चढणाऱ्या पाडेल्याच्या पायांची हाडे बळकट असतात, ती यामुळेच.

आता मोडलेल्या हाडावर त्याच्या दहापट ताठर पोलादी पट्टी बसवली, तर काय होईल? दोघे मिळून भार उचलतात, तेव्हा जो अधिक ताठर तो अधिक भार घेतो. घरात एकच कर्ता पुरुष सगळी कामे अंगावर घेऊ लागला की बाकीच्यांची सवय मोडते, तसे हाडाचे होते. भार न मिळाल्याने ते झिजू लागते. याला अभियंते ‘प्रतिबलाची आडोसा-क्रिया’ म्हणू शकतील. अस्थिशल्यविशारद मात्र तिचा परिणाम क्ष-किरण चित्रात पाहतात. खुब्याच्या दांडीभोवतीचे हाड काही वर्षांत विरळ झालेले दिसते आणि दांडी सैल होण्याचा धोका वाढतो.

टायटॅनियमची लोकप्रियता येथे उलगडते. ते पोलादापेक्षा जवळजवळ निम्मे ताठर आणि वजनालाही जवळजवळ निम्मे आहे. त्याचा आणखी एक गुण स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांच्या १९५२ मधील संशोधनातून पुढे आला. सशाच्या हाडात बसवलेले टायटॅनियमचे उपकरण काढायला गेल्यावर ते निघेना. हाड त्याला घट्ट बिलगले होते. दाताच्या कृत्रिम मुळांचे सारे आधुनिक तंत्र या निरीक्षणावर उभे आहे. मणक्यांच्या शस्त्रक्रियेत पीक नावाचे कणखर प्लास्टिकही वापरतात. त्याचा ताठरपणा सुमारे ३ ते ४ गिगापास्कल, म्हणजे हाडाहूनही कमी असतो.

दहा लाख पावलांचा थकवा

पत्र्याची पट्टी एकदा वाकवून तुटत नाही. तीच पुन्हा पुन्हा मागेपुढे वाकवली की अखेर तुटते. प्रत्येक वेळचे प्रतिबल तिच्या मजबुतीपेक्षा कमी असूनही हे घडते. पृष्ठभागावरील सूक्ष्म ओरखड्यापासून तडा सुरू होतो, दर फेऱ्याला केसाएवढा पुढे सरकतो आणि उरलेला छेद अपुरा पडताच पट्टी अचानक तुटते. या प्रक्रियेला धातूचा थकवा म्हणतात.

नेहमीचे चालणे-फिरणे असलेला माणूस वर्षभरात प्रत्येक पायावर सुमारे दहा लाख पावले टाकतो. साध्या चालण्यातही खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट बल येते. अडखळल्यास ते त्याहून पुष्कळ वाढते. राष्ट्रीय महामार्गावरील दुचाकी अपघातात मांडीचे हाड मोडलेल्या तरुणाला बसवलेली पट्टी या हिशेबाने बनवलेली असते. पण ती आयुष्यभर एकटीने भार वाहण्यासाठी नसते. हाड जुळेपर्यंत त्याला जागेवर धरून ठेवणे, हे तिचे काम. हाडाचे जुळणे आणि धातूचे थकणे यांच्यात एक शर्यत लागलेली असते. हाड वेळेवर जुळले तर भार त्याच्याकडे जातो आणि पट्टी सुटते. रुग्णाने डॉक्टरांनी सांगण्याआधीच पूर्ण भार टाकून चालायला सुरुवात केली, किंवा तंबाखूचे सेवन, मधुमेह वा जंतुसंसर्ग यांमुळे हाड जुळायला विलंब झाला, तर शर्यत पट्टी हरते. अशा वेळी घरची मंडळी ‘पट्टीच हलक्या दर्जाची होती’ असे म्हणतात. तसेही क्वचित असू शकते. परंतु बहुधा धातूला त्याच्या वाट्याहून अधिक फेरे करावे लागलेले असतात. कुबड्या किती आठवडे वापराव्यात, हा सल्ला म्हणूनच पट्टीच्या किमतीइतकाच मोलाचा असतो.

झिजेचा धडा

कृत्रिम सांध्याच्या इतिहासातील सर्वांत महागडे धडे झिजेने दिले आहेत. इंग्लंडमधील रायटिंग्टन इस्पितळाचे जॉन चार्नली यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस खुब्याच्या वाटीसाठी टेफ्लॉन वापरले. घर्षण अत्यल्प असलेल्या या पदार्थाची निवड कागदावर अचूक होती. रुग्णांना सुरुवातीला आरामही पडला. पण काही वर्षांतच वाट्या झिजल्या. झिजलेल्या कणांनी आजूबाजूच्या उतींना सूज आणली. कमी घर्षण म्हणजे कमी झीज नव्हे, हे तेव्हा स्पष्ट झाले. चार्नली यांनी टेफ्लॉन व पॉलिथिलिनचे तुकडे स्वतःच्या मांडीत बसवून त्यांची प्रतिक्रिया तपासली आणि १९६२ पासून अतिशय लांब रेणूंचे पॉलिथिलिन वापरायला सुरुवात केली. घरातील पाण्याच्या पिंपाचे प्लास्टिक आणि हे प्लास्टिक एकाच कुळातले. पण याचे रेणू कितीतरी लांब असल्याने ते झिजेला दाद देत नाही. सहा दशकांनंतरही, सुधारित रूपात, गुडघ्यात आणि खुब्यात तेच आहे.

दुसरा धडा भारतीयांच्याही वाट्याला आला. प्लास्टिकची झीज टाळण्यासाठी धातूच्या वाटीत धातूचाच गोळा फिरवणारे खुबे एके काळी आधुनिक मानले गेले. कोबाल्ट-क्रोम कठीण असल्याने झीज फारच कमी होईल, असा तर्क होता. डिप्यू या कंपनीचा ‘एएसआर’ नावाचा असा खुबा अनेक रुग्णांमध्ये अपेक्षेपेक्षा खूप लवकर निकामी ठरू लागला आणि ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून परत मागवला. वाटीच्या कडेला होणाऱ्या घर्षणातून सुटणारे सूक्ष्म कण आणि कोबाल्ट व क्रोमियमचे आयन रक्तात व उतींत जात होते. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांमध्ये हा खुबा बसवला गेला होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने हे प्रकरण लावून धरले. केंद्र सरकारने तज्ज्ञ समिती नेमली आणि २०१८ मध्ये भरपाईचे सूत्र ठरले. यातील सर्वांत दुःखद भाग वेगळाच होता. बऱ्याच रुग्णांचा ठावठिकाणाच लागला नाही. आपल्या शरीरात कोणत्या नावाचा, कोणत्या क्रमांकाचा सांधा आहे, याची नोंद त्यांच्याकडे वा इस्पितळाकडे राहिली नव्हती.

खाऱ्या पाण्यातील कवच

डिचोलीच्या खाणींतून निघालेले लोहखनिज बार्जमधून मांडवीमार्गे मुरगावला जाताना गोमंतकीयांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. खनिजाचा तांबूस रंग म्हणजे लोह आणि ऑक्सिजन यांचे संयुग. गंजही त्याच कुळातला. भट्टीत लोहापासून ऑक्सिजन वेगळा करण्यासाठी माणूस प्रचंड ऊर्जा खर्च करतो आणि निसर्ग संधी मिळताच त्यांना पुन्हा एकत्र आणू पाहतो. मिठाचे पाणी त्याला मदत करते.

शस्त्रक्रियेसाठीच्या ‘३१६ एल’ या स्टेनलेस स्टीलमध्ये निम्म्याहून अधिक लोहच असते. फरक पडतो तो त्यात मिसळलेल्या सुमारे १७ ते १९ टक्के क्रोमियमने, सुमारे १३ ते १५ टक्के निकेलने आणि दोन-तीन टक्के मॉलिब्डेनमने. कार्बन ०.०३ टक्क्यांहून अधिक नसतो. क्रोमियम हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून पृष्ठभागावर अतिशय पातळ, न दिसणारे कवच तयार करते. ओरखडा पडला तरी ते पुन्हा भरून येते. मॉलिब्डेनम मिठामुळे पडणाऱ्या खड्ड्यांपासून संरक्षण देते. टायटॅनियमचे कवच याहूनही भक्कम असते. स्टीलचे कवच पट्टी आणि स्क्रू यांच्या फटीत, जेथे ऑक्सिजन कमी पोचतो तेथे, दुबळे पडते. त्यामुळे स्टीलचा वापर मुख्यतः काही काळानंतर काढता येणाऱ्या पट्ट्या-स्क्रूंसाठी, तर कायमच्या सांध्यांसाठी कोबाल्ट-क्रोम व टायटॅनियम अशी साधारण विभागणी झाली आहे. दोन भिन्न धातूंचे सुटे भाग एकमेकांना चिकटवून बसवताना शल्यविशारद खबरदारी घेतात, तीही याच कारणाने. खाऱ्या द्रवात दोन वेगळे धातू एकमेकांना भिडले की त्यांच्यात सूक्ष्म विद्युतप्रवाह सुरू होऊ शकतो आणि एक धातू वेगाने गंजतो.

चित्रा झडपेची चार रूपे

एखादा गुण साधताना दुसरा कसा हातचा जातो, याचे भारतातील ठळक उदाहरण तिरुवनंतपुरममध्ये घडले. श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली स्वदेशी हृदयझडप बनवण्याचे काम सुरू झाले. परदेशी झडप सामान्य रुग्णाला परवडत नव्हती. संधिवाती तापाने झडप खराब झालेले रुग्ण मात्र बहुतांशी तरुण आणि गरीब असत.

झडप म्हणजे चौकटीत उघडमीट करणारी चकती. वर्षाला सुमारे चार कोटी वेळा ती हलते. प्रारंभीचे रूप अपयशी ठरल्यावर टायटॅनियमच्या चौकटीत नीलमणी स्फटिकाची चकती बसवून पाहिली. चकती अतिकठीण, ती झिजेना. पण तिने टायटॅनियमच झिजवले. मग चौकटीसाठी कोबाल्टवर आधारित कठीण संमिश्र घेतले. प्रयोगशाळेत सारे जमले. प्राण्याच्या शरीरात मात्र चकती तडकली. कठीण होती, चिवट नव्हती. अखेरीस त्याच चौकटीत अतिलांब रेणूंच्या पॉलिथिलिनची चकती बसवली. ती तुलनेने मऊ, आघात पचवणारी, हलकी आणि आवाजही न करणारी निघाली. डिसेंबर १९९० मध्ये ही झडप प्रथम माणसाच्या हृदयात बसली आणि त्यानंतर ती हजारो रुग्णांपर्यंत पोचली. नीलमणी हरला आणि प्लास्टिक जिंकले, ते त्या जागेला हवा असलेला गुण प्लास्टिकमध्ये होता म्हणून.

गुडघा: एका सांध्यात तीन स्वभाव

आजचा कृत्रिम गुडघा ही सर्व तत्त्वे एकत्र आणतो. मांडीच्या हाडावरील वक्र भाग सहसा कोबाल्ट-क्रोमचा असतो, कारण तो कठीण आणि गुळगुळीत राहतो. नडगीवरील बैठक टायटॅनियमची किंवा कोबाल्ट-क्रोमची. दोहोंच्या मध्ये पॉलिथिलिनची गादी. हाडाला चिकटवण्यासाठी अ‍ॅक्रिलिक वर्गातील अस्थिसिमेंट, जे दाब उत्तम सोसते पण ताण तितकासा सोसत नाही. टायटॅनियमचा वक्र भाग पॉलिथिलिनवर घासला तर टायटॅनियमवर ओरखडे उठतात आणि ते गादी झिजवतात. त्यामुळे तेथे टायटॅनियम वापरायचेच झाले, तर त्यावर कठीण लेप द्यावा लागतो. निकेलची अ‍ॅलर्जी असलेल्या रुग्णासाठी असा पर्याय विचारात घेतला जातो. सर्वांसाठी तो अधिक चांगला, असे त्यातून सिद्ध होत नाही.

आकाराचाही प्रश्न आहे. मांडी घालून जेवणारा, उकिडवा बसून शेतात काम करणारा, देवळात पालखीपुढे बसणारा माणूस गुडघा जेवढा वाकवतो तेवढा खुर्चीवर बसणाऱ्या समाजात वाकवावा लागत नाही. पुण्याचे डॉ. के. एच. संचेती यांनी भारतीयांची शरीररचना आणि बसण्याच्या सवयी लक्षात घेऊन ‘इंडस’ हा स्वदेशी कृत्रिम गुडघा विकसित केला. गुडघा अधिक वाकला की गादीच्या मागच्या कडेवर कमी जागेत अधिक बल येते, म्हणजे प्रतिबल वाढते. तेव्हा अधिक वाकण्याची सोय आणि अधिक वर्षांचे टिकाऊपण यांत तोल साधावा लागतो. शस्त्रक्रियेनंतर जमिनीवर बसणे टाळण्याचा सल्ला बहुतेक डॉक्टर देतात, त्यामागे हेच गणित आहे.

किमतीच्या बाबतीत २०१७ हे वर्ष महत्त्वाचे ठरले. राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने त्या वर्षी फेब्रुवारीत स्टेंटच्या आणि ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या कमाल किमती ठरवल्या. कोबाल्ट-क्रोमच्या प्रचलित गुडघ्यासाठी तेव्हा ५४,७२० रुपये, तर टायटॅनियम व ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमच्या गुडघ्यासाठी ७६,६०० रुपये अशी मर्यादा होती. कर वेगळा. पुढे या किमती बदलल्या असल्या, तरी कमाल मर्यादेचे तत्त्व रुग्णाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. गोव्यात २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्डही आहे. त्यामुळे इस्पितळात जाण्यापूर्वीच आपल्या शस्त्रक्रियेचा कोणता भाग योजनेत येतो, हे विचारून घेणे हिताचे.

रुग्णाने काय विचारावे

शल्यविशारदाशी बोलताना चार-पाच साधे प्रश्न पुरेसे आहेत. बसवायची वस्तू कोणत्या पदार्थाची आहे आणि त्या जागेसाठी तीच का निवडली? ती कायमची आहे की काढावी लागेल? पूर्ण भार टाकून केव्हा चालता येईल? निकेलसारख्या धातूची अ‍ॅलर्जी पूर्वी दिसली असल्यास (कृत्रिम दागिन्याने अंगावर पुरळ उठणे हेही त्याचेच लक्षण असू शकते) ती अडचण ठरेल का? आणि या वस्तूची कमाल किंमत किती आहे?

शस्त्रक्रियेनंतर एक कागद मात्र विसरता कामा नये. प्रत्येक सांधा, स्टेंट वा झडप ज्या वेष्टनात येते त्यावर उत्पादकाचे नाव, नमुना आणि उत्पादनतुकडीचा क्रमांक छापलेला चिकटपट्टा असतो. त्याची एक प्रत रुग्णाच्या कागदपत्रांत असावी. घरी भिंतीवरच्या दिनदर्शिकेमागे खोचून ठेवलेला डिस्चार्जचा कागद पावसाळ्यातील दमटपणाने विरून जातो. त्यापेक्षा मोबाईलमध्ये छायाचित्र काढून मुलांकडेही ठेवलेले बरे. खुब्याच्या त्या प्रकरणात ज्यांच्याकडे हा पुरावा होता, त्यांनाच आपले म्हणणे मांडणे सोपे गेले.

हाच कागद इतरत्रही कामी येतो. पेडणे तालुक्यातील मोपच्या विमानतळावर सुरक्षातपासणीत धातूशोधक यंत्र गुडघ्यापाशी वाजले, तर गोंधळून जाण्याचे कारण नाही. सांधा बसवल्याचे आधीच सांगावे आणि कागद दाखवावा. नेहमीची तपासणी तरीही होतेच. एमआरआय करण्यापूर्वी शरीरातील प्रत्येक उपकरणाची माहिती तंत्रज्ञाला द्यावी. टायटॅनियम, कोबाल्ट-क्रोम आणि शस्त्रक्रियेचे स्टेनलेस स्टील यांवर चुंबकाचा परिणाम सहसा नगण्य असतो. पेसमेकरसारख्या उपकरणांचे नियम मात्र वेगळे असतात. निर्णय तज्ज्ञांनीच घ्यायचा. त्यांना उपकरणाचे नाव ठाऊक असेल, तर तो चटकन घेता येतो.

मांडवीवर आज उभा असलेला अटल सेतू तारांच्या बळावर तोललेला आहे. त्या तारांना गंज लागू नये, त्यांत थकव्याचा तडा सुरू होऊ नये, म्हणून त्यांची नियमित तपासणी करावी लागते. पूल कितीही भक्कम असो, त्याची नोंदवही ठेवणारा कोणीतरी असावा लागतो. शरीरातील सांध्याची नोंदवही त्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांनाच ठेवायची असते. दर वर्षी किंवा डॉक्टर सांगतील त्या काळाने क्ष-किरण तपासणी, वजनावर नियंत्रण, कोठेही जंतुसंसर्ग झाल्यास वेळेवर उपचार आणि नव्याने सुरू झालेल्या दुखण्याकडे दुर्लक्ष न करणे, एवढे सांभाळले तर योग्य जागी बसवलेला योग्य पदार्थ पंधरा-वीस वर्षे, कित्येकदा त्याहूनही अधिक काळ, निमूटपणे आपले काम करीत राहतो.